जुनी द्या, नवी घ्या

दिवाळी अंकात नीतीविषयी लिहायचे आणि सुरुवात मोटारीच्या बॅटरीने करायची, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. धर्म-अधर्माच्या चर्चेला रणांगण लागते, अशी आपली समजूत झालेली असते. परंतु माझ्यासारख्या माणसाच्या वाट्याला कुरुक्षेत्र येत नाही. त्याच्या वाट्याला दुकान येते, पावती येते, घासाघीस येते. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत छत्तीस वर्षे हिशेब लिहिले, तेवढ्यावरून एक गोष्ट सांगू शकतो. लाखाच्या व्यवहारात माणूस सावध असतो. तो घसरतो तो दोन-अडीचशे रुपयांत. ही हकीकत अशाच अडीचशे रुपयांची आहे.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. बेळगावची थंडी, आणि सौ.ला डोळ्यांच्या तपासणीसाठी सकाळी सात वाजता दवाखान्यात पोहोचायचे होते. आमची छोटी गाडी दारात उभी. चावी फिरवली तर नुसता 'टक्' असा आवाज आला आणि समोरचे दिवे विझू घातलेल्या समईसारखे झाले. पुन्हा चावी, पुन्हा 'टक्'. शेवटी शेजारचा मुलगा उठून आला. "काका, बॅटरी गेली बगा," म्हणाला. त्याने आणखी दोघांना हाक मारली, मला दुसरा गिअर टाकायला सांगितला आणि गाडी ढकलली. गाडी सुरू झाली, तपासणीही वेळेवर झाली. पण येताना सौ. म्हणाली, "अहो, आज ही पोरं होती म्हणून बरं. रात्री-अपरात्री असं झालं तर?"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. जुन्या फियाट आणि अँबॅसेडर गाड्यांना पुढून हँडल मारायची सोय असे. ते उलटे फिरले की मनगट मोडायचे, पण गाडी आपल्या अंगच्या बळावर सुरू करता येते हा एक दिलासा होता. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टर तयार केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत तो बसवला गेला. तेव्हापासून हँडल हळूहळू गेले आणि मोटार चालवणारा प्रत्येक जण त्या काळ्या पेटीच्या भरवशावर राहू लागला. ती पेटी मात्र त्याहून जुनी. गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिसे आणि सौम्य गंधकाम्ल यांची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी बनवली. आज आपल्या बॉनेटखाली जी असते ती तिचीच वंशज आहे. मोटारीतले बाकी सगळे बदलले, ही फारशी बदलली नाही.

आमच्या मेकॅनिकने पहिल्यांदा जे केले ते मला आवडले. त्याने बॅटरीला लगेच दोषी ठरवले नाही. टर्मिनलवर पांढरा-हिरवा खार साचला होता, तो गरम पाण्याने धुतला, क्लँप घट्ट केले. मग मीटर लावला. बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ च्या आसपास दाखवते. आमची १२ च्या काठावर होती आणि सेल्फ मारताच आठावर आली. इंजिन चालू असताना मात्र मीटर १४ च्या वर जात होता. "अल्टरनेटर चांगला हाय. ही मात्र संपली. पाच वर्षं झाली की हो," तो म्हणाला. अल्टरनेटर खराब असता आणि आम्ही बॅटरी बदलली असती, तर नवीही आठवड्यात बसली असती. दोष कोणाचा हे तपासल्याशिवाय शिक्षा देऊ नये, हा न्याय यंत्रालाही लागू आहे.

दुकानात गेलो. दुकानदार तरुण, बोलायला गोड. "सर, तुमच्या गाडीला पस्तीसची बसतीया. पण पंचेचाळीसची घ्या की. थोडे पैसे जास्ती जातील, पण टेन्शन न्हाई."

पस्तीस म्हणजे पस्तीस अँपिअर-तास. ढोबळ अर्थ असा की, पावणेदोन अँपिअरचा प्रवाह ही बॅटरी वीस तास देऊ शकते. गाडी सुरू करताना सेल्फ दोन-तीन सेकंदांसाठी शंभर-दीडशे अँपिअर खेचतो, पण वेळ इतका थोडा की एकूण साठ्याच्या शेकड्याला एक भागही त्यात खर्च होत नाही; आणि तेवढे अल्टरनेटर वाटेत भरून काढतो. मोठी बॅटरी बसवली तर अल्टरनेटर जळतो असे पुष्कळ जण सांगतात, ते खरे नाही. सेल्फ त्याला हवे तेवढेच घेतो. जादा साठा नुसता पडून राहतो. पण आमच्यासारखा माणूस, जो गाडी काढतो ती भाजी मार्केटपर्यंत नाही तर दवाखान्यापर्यंत, त्याच्याकडे ती मोठी पेटी करणार काय? शिवाय गाडीतली बैठक ठरलेल्या मापाची. बॅटरीवर ३८बी२० असा काहीतरी आकडा असतो. पहिला आकडा तिच्या ताकदीचा, 'बी' हे रुंदी-उंचीच्या मापाचे, २० म्हणजे सेंटिमीटरमध्ये लांबी, आणि शेवटी 'एल' किंवा 'आर' हे अक्षर टर्मिनल कोणत्या बाजूला आहेत ते सांगणारे. एवढे एक अक्षर चुकले तर बॅटरी कितीही भारी असो, गाडीची वायर तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

इथे मला अॅरिस्टॉटलची आठवण झाली. सद्गुण दोन टोकांच्या मधे असतो, हे त्याचे मत सर्वांना ठाऊक असते. पण तो मध्य म्हणजे अंकगणितातली सरासरी नव्हे, हे त्याने लगेच पुढे सांगितले आहे ते आपण विसरतो. त्याचे उदाहरण आखाड्यातले आहे. दहा माप अन्न फार होते आणि दोन माप थोडे पडते, म्हणून वस्ताद सगळ्यांना सहा माप वाढत नाही. मायलोसारख्या मल्लाला सहा अपुरे पडेल, नवशिक्याला ते जड होईल. मध्य शोधायचा तो ज्याचा त्याच्यापुरता. बॅटरीच्या दुकानात हे तत्त्व जितके स्पष्ट दिसते तितके ग्रंथात दिसत नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या नव्या गाड्यांना ईएफबी किंवा एजीएम जातीचीच बॅटरी लागते. तिथे साधी बसवणे ही काटकसर नव्हे, चूक आहे. आणि आमच्या साध्या गाडीला ती भारी बॅटरी बसवणे ही प्रतिष्ठा नव्हे, उधळपट्टी आहे. योग्य म्हणजे महाग नव्हे आणि स्वस्तही नव्हे. योग्य म्हणजे मापाचे.

तेव्हा पस्तीसचीच घ्यायची ठरली. बॅटरी शेल्फवर नुसती पडली तरी हळूहळू उतरत जाते, म्हणून ती कोणत्या महिन्यात तयार झाली तो शिक्का पाहून ताजी मागितली. वॉरंटीत किती महिने फुकट बदलून मिळेल आणि किती महिन्यांनंतर वापराची किंमत कापून घेतील, हे नीट विचारून घेतले. नवी कोणती, हा प्रश्न अर्ध्या तासात सुटला.

दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिले होते : 'जुनी द्या, नवी घ्या'. जुनीचे सातशे रुपये वजा होणार होते. तेवढ्यात मेकॅनिक माझ्या कानाशी लागला. "सर, जुनी इथं देऊ नका. माझ्या वळखीचा भंगारवाला हाय, साडेनऊशे देतो. अडीचशे का सोडायचे?"

खरेच, का सोडायचे? बॅटरी माझी. ती कोणाला विकायची हा माझा अधिकार. जो जास्त देईल त्याला माल द्यावा, हा तर बाजाराचा साधा नियम. पाच वर्षांपूर्वी, ही बॅटरी घेताना, मी हाच नियम पाळला होता. तेव्हाची जुनी एका भंगारवाल्याला दिली होती आणि दुकानापेक्षा दोनशे रुपये अधिक मिळाले म्हणून परतताना पाव किलो कुंदा घेऊन घरी आलो होतो.

त्याच वर्षी, पावसाळा सरल्यावर, सकाळी फिरताना एकदा नेहमीचा रस्ता सोडून शहराच्या कडेच्या एका नाल्याकडे वळलो. पत्र्याची शेड होती. बाहेर फोडलेल्या बॅटऱ्यांच्या पेट्यांचा ढीग पडला होता. एक माणूस कोयत्याने झाकणे उडवत होता आणि आतले आम्ल सरळ मातीत ओतत होता. चुलीवर कढई होती. त्या ढिगाशेजारी चार-पाच वर्षांचा एक मुलगा बसला होता. बॅटरीच्या कप्प्यांना जी प्लॅस्टिकची बुचे असतात, ती त्याने दोऱ्यात ओवली होती आणि तो त्यांची गाडी करून ओढत होता. हात मनगटापर्यंत राखाडी झालेले. माझ्याकडे पाहून तो हसला आणि तोच हात त्याने तोंडात घातला.

त्या ढिगात माझी बॅटरी होती असे मी म्हणत नाही. नव्हती असेही मला म्हणता येत नाही.

लहान बॅटरी नऊ-दहा किलोंची असते आणि त्यातले निम्म्याहून जास्त वजन शिशाचे असते. शिसे हा धातू मोठा मवाळ. आमच्या फाउंड्रीत बिडाचे लोखंड वितळवायला बाराशे अंशांच्या आसपास उष्णता लागे. त्यासाठी भट्टी हवी, पंखे हवेत, कसबी माणसे हवीत. म्हणून लोखंड कोणी परसात वितळवत नाही. शिसे अवघ्या ३२७ अंशांना वितळते. सरपणाच्या चुलीवरही काम होते. त्याचा हा मवाळपणाच घातक ठरतो, कारण ज्याच्यापाशी काही साधन नाही तोही ते वितळवू शकतो, आणि त्याची धूळ व धूर घरात, अन्नात, मुलांच्या नखांत जातो. मोठ्यांच्या मानाने लहान मुलांच्या शरीरात पोटावाटे शिसे चार-पाच पट अधिक शोषले जाते. ते मेंदूच्या वाढीवर घाला घालते, आणि झालेले नुकसान बहुधा भरून येत नाही. रक्तात इतके शिसे असले तर चालेल, अशी कोणतीही सुरक्षित मर्यादा जागतिक आरोग्य संघटना मानत नाही.

सेनेगल देशात डाकार शहराच्या कडेला थियारोय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तिथे वर्षानुवर्षे जुन्या बॅटऱ्या फोडल्या जात. शिशाचे भाव चढले तेव्हा बायका ती माती चाळून शिसे वेचू लागल्या, गोण्या भरून घरी आणू लागल्या. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात त्या वस्तीतली अठरा लहान मुले मेली. आणि हे एका दूरच्या वस्तीपुरते नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० साली अहवाल प्रसिद्ध केला. त्यातल्या अंदाजानुसार जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे. त्यांतली सुमारे साडेसत्तावीस कोटी भारतातली. पेट्रोलमधले शिसे आपण २००० साली काढून टाकले. २०२१ साली अल्जीरियाने ते बंद केले आणि जगातून ते गेले. धुरातून शिसे गेले, पण त्याच गाडीच्या बॉनेटखाली ते राहिलेच आहे.

आता माझा हिशेबनिसाचा प्रश्न. दुकानदार सातशे देतो, भंगारवाला साडेनऊशे देतो. वरचे अडीचशे तो आणतो कुठून? तो काही दानशूर नाही. आमच्या फाउंड्रीच्या वहीत मी हातमोजे लिहीत असे, मास्क लिहीत असे, कामगारांचा गूळ, वर्षाची डॉक्टरी तपासणी, धुराड्याची दुरुस्ती, सरकारी शुल्क. हे सगळे दर किलोच्या भावात बसलेले असे. जिथे शिसे रीतसर वितळवतात तिथे हाच खर्च होतो आणि तेवढा भाव कमी द्यावा लागतो. शेडमधल्या माणसाच्या वहीत यातले काहीच नाही. पण वहीत लिहिला नाही म्हणून खर्च टळत नाही. तो कोणीतरी भरतोच. त्या मुलाने भरला. माझ्या कुंद्याचे पैसे त्याने दिले.

यावर आक्षेप घेतले जातील, आणि ते मी स्वतःच घेऊन पाहिले आहेत. पहिला आक्षेप : बॅटरी मी फोडली नाही. इथे आपल्या परंपरेने फार पूर्वी एक बारीक भेद करून ठेवला आहे. जैन आचारधर्मात आणि पतंजलींच्या योगसूत्रांत हिंसा तीन प्रकारची सांगितली आहे : कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि मान्य केलेली. आमच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत कितीदा गेलो असेन, कमळाचे छत पाहून आलो. पण या तीन शब्दांचा अर्थ मला त्या नाल्याकाठी कळला. अधिक भाव घेऊन गप्प बसणे म्हणजे अनुमोदनच.

दुसरा आक्षेप : एका बॅटरीने काय होते? पण त्या शेडमधला ढीग एकेका बॅटरीचाच होता. घाऊक बॅटऱ्या देणारा कोणी राक्षस नव्हता. माझ्यासारखे निवृत्त, सभ्य, अडीचशे रुपये वाचवणारे लोक होते.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड : भंगारवाल्याने खायचे काय? हा प्रश्न खोटा नाही. तो गुन्हेगार नाही. सगळ्यांत आधी विष त्याच्याच घरात शिरते. त्याचे काम बंद पडावे असे मी म्हणणार नाही. गोळा करणारे हात लागणारच. पण गोळा करणे वेगळे आणि परसात वितळवणे वेगळे. पोट भरण्याची त्याची अडचण त्याच्या मुलाच्या रक्ताने सोडवायची, आणि त्यात माझा थोडा फायदाही व्हावा, याला उपकार म्हणता येणार नाही.

आणि गंमत अशी की शिसे हा सुधारून घेता येण्याजोगा धातू आहे. एका बॅटरीतले शिसे पुन्हा वितळवून दुसऱ्या बॅटरीत घालता येते, दुसरीतले तिसरीत. धातूचा कस जात नाही. म्हणजे इथे त्यागाचीही गरज नाही. गाडी सोडून बैलगाडी घ्या असे कोणी सांगत नाही. फक्त जुनी वस्तू योग्य दाराशी नेऊन द्यायची. २००१ साली त्यासाठी पहिले नियम झाले. २०२२ साली नवे आले. त्यांत बॅटरी बनवणाऱ्यांवर जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी टाकली आहे, आणि ग्राहकानेही ती इतर कचऱ्यात न मिसळता योग्य संस्थेकडे द्यावी असे म्हटले आहे. बॅटरीवर फुली मारलेल्या कचऱ्याच्या डब्याचे चित्र असते ते याचसाठी.

तर मी मेकॅनिकला नको म्हटले आणि बॅटरी दुकानातच दिली. पावतीवर 'जुनी बॅटरी जमा' असे लिहून मागितले. मग विचारले, "या पुढे कुठे जातात हो?" दुकानदार थांबला. असा प्रश्न त्याला कोणी विचारला नसावा. "कंपनीची गाडी येती सर, घेऊन जाती." मी म्हटले, "त्याची काही चिठ्ठी असते का?" तो जरा वैतागला, पण कपाटातून फाइल काढून त्याने गाडीत चढवलेल्या जुन्या बॅटऱ्यांच्या पावत्या दाखवल्या. त्या सगळ्या खऱ्या होत्या का, आणि ती गाडी अखेरपर्यंत योग्य ठिकाणीच गेली का, हे मी पाहू शकलो नाही. मी एवढेच म्हणेन की माहीत नसणे आणि माहीत करून न घेणे यांत फरक आहे. पहिल्याला क्षमा असते. पाच वर्षांपूर्वी मी दुसऱ्यात मोडत होतो.

घरी येऊन सौ.ला हे सारे सांगितले. माझी अपेक्षा होती ती थोडी वाखाणेल. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "बरं केलंत. पण मग त्या पोराचं काय?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. शेड पाहिली त्या वर्षी मी महापालिकेकडे एक अर्ज दिला होता. काही महिन्यांनी शेड दिसेनाशी झाली. मुलगा कुठे गेला कळले नाही. शेड बंद झाली की नुसती हलली, हेही कळले नाही. आता तो नऊ-दहा वर्षांचा असेल, कुठल्या तरी शाळेत बसत असेल, आणि त्याला पाढे लक्षात राहत नसतील तर मास्तर त्याला आळशी म्हणत असतील. अडीचशे रुपये सोडून मी माझी वही सुधारली. त्याची सुधारली नाही. चांगले वागल्याचे समाधान आणि झालेल्या नुकसानीची भरपाई या दोन वेगळ्या रकमा आहेत. एकीत दुसरी जमा धरता येत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपल्याकडे अलक्ष्मीला बाहेर काढतात. नव्या केरसुणीने घर झाडून ती उंबऱ्याबाहेर लोटायची. लहानपणी मी आजीला विचारले होते, बाहेर काढली की ती जाते कुठे? आजी म्हणाली, "असले प्रश्न विचारू नयेत." मी पुढे साठ वर्षे विचारला नाही. दुसऱ्या दिवशी पाडव्याला नवी वही पूजायची, गंध लावायचे, पहिल्या पानावर श्री काढायचा, हेच करत आलो. यंदाही तेच करणार आहे. फक्त या खेपेस जमा आणि खर्च यांच्याशेजारी एक तिसरा रकाना आखणार आहे, जो खर्च माझा असून दुसऱ्याने भरला त्याचा. त्यातली पहिली नोंद दोनशे रुपयांची असेल, पाच वर्षांपूर्वीची. त्यापुढे नाव लिहायचे आहे, ते मला ठाऊक नाही.